कयलची खुर्ची

चेन्नै, २० सप्टेंबर

ति. वडिवु अक्कास,
धाकट्या कोदैचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कान गेल्यापासून तुझं अक्षर मात्र सुधारलंय. पूर्वी फोनवर तासभर भांडायचीस, आता ते सगळं चार पानांत दाबून बसवतेस. मी ऑफिसात तुझं पत्र वाचत बसले की लोक दबकून जातात. त्यांना वाटतं कोर्टाची नोटीस आली.

आता बातमी. अजून कुणाजवळ बोलू नकोस. दक्षिणेतली आमची तीनही डेटा सेंटर एकाच्या हाताखाली द्यायचं वर चाललंय आणि माझं नाव पुढे आहे. त्या जागेवर आजवर बाई बसलेली नाही. मी लागले तेव्हा यंत्रांच्या मजल्यांवर बायकांसाठी संडाससुद्धा नव्हता, पार गेटपर्यंत जावं लागायचं. ते दिवस आठवले की हसू येतं आणि लगेच रागही येतो.

यंदा खंडेनवमीला यंत्रांची आयुधपूजा मी करणार आहे. इमारतीच्या प्रमुखाने कोहळा फोडायचा अशी इथली रीत. आमचे जुने फोरमन पोन्नुसामी म्हणाले, कोहळा बाईने फोडू नये. मी म्हटलं, मग प्रमुखपण माझ्या नवऱ्याला द्या, तो बँकेत झोपा काढतो त्या इथे येऊन काढेल. सगळे हसले, पोन्नुसामीही हसले, पण त्यांना पटलेलं नाही.

कापूर लावायचा म्हणजे आमच्याकडे मोठं प्रकरण असतं. खोल्याखोल्यांत धूर हुंगणारी यंत्रणा आहे आणि तिचं नाक इतकं तिखट की उदबत्तीनेही भोंगा वाजतो. म्हणून पूजेपुरती ती बंद ठेवतात. ज्याने बंद केली त्यानेच पूजा संपताच चालू करायची आणि तोवर पॅनेलसमोरची खुर्ची सोडायची नाही, हा नियम. यंदा त्या खुर्चीवर आपली कयल आहे. मी वशिला लावलेला नाही हं, पाळीच तिची आहे. रात्रपाळीला मुली नकोत म्हणून या लोकांनी माझ्याशी दोन वर्षं वाद घातला. आज अकरा मुली रात्रपाळी करतात आणि त्यांत तुझी लेक सगळ्यांत थंड डोक्याची. तुझ्यावर गेलेली नाही हे उघडच आहे.

तब्येतीला जप. धाकटीवरची माया आटू देऊ नयेस, एवढंच मागणं.

तुझी,
कोदै



तेनकाशी, २८ सप्टेंबर

चि. कोदैस,
वडिवुचे अनेक उत्तम आशीर्वाद.

बातमी वाचून डोळ्यांत पाणी आलं. कुणाजवळ बोलले नाही. फक्त फुलवालीला सांगितलं, पण ती माझ्याहून बहिरी आहे.

कयलसाठी शंकरनकोविलचं स्थळ आलं होतं. मुलाची आई विचारत होती, लग्नानंतर मुलगी रात्रीची नोकरी सोडेल ना. कयलच्या धाकट्या आत्याने पाटीवर लिहून मला प्रश्न दाखवला. मी म्हटलं, तुमचा मुलगा रात्रभर घोरतो, त्यावर आम्ही काही अट घातली का? स्थळ गेलं. जाऊ दे. पण कोदै, खरं सांगू का, मलाही रात्री झोप लागत नाही. कयलचे वडील गेले तेव्हा ही सातवीत होती. तिला तुझ्या ओटीत टाकली ती तुझ्या भरवशावर. ती कामाची आहे हे मला कळतं, पण माझ्या डोळ्यांसमोर तिच्या दोन वेण्याच येतात.

एक काम कर. मला पूजेचा फोटो पाठव. गेल्या वर्षीच्या फोटोत सगळे पुरुष दात काढून उभे आणि कयल कडेला अर्धी कापलेली. यंदा दोघी मधोमध हव्यात, कपाळाला चंदन लावून. मी तो मढवून शिवणयंत्राच्या वर लावणार. त्या दिवशी मीही यंत्राला हळदकुंकू लावून सुईला सुट्टी देईन.

तुझ्या यजमानांना आशीर्वाद. आमची आठवण ठेवीत जावी.

तुझी अक्का,
वडिवु



चेन्नै, १० ऑक्टोबर

ति. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

माणसं सगळी सुखरूप आहेत, हे आधी वाच. मग पुढचं वाच.

पूजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्या बॅटरीच्या खोलीत आग लागली. धूर हुंगणारी यंत्रणा पूजेपासून बंदच राहिली होती, त्यामुळे कळलं तेव्हा दोन मजले काळे पडले होते. त्या दिवशी शहरातल्या कितीतरी दवाखान्यांत केसपेपर निघाले नाहीत, रेशनच्या दुकानांत यंत्रावर अंगठे उमटले नाहीत. लोक रांगेत उभे राहून शिव्या देत होते. आम्हीही त्यांच्या जागी तेच केलं असतं. यंत्रणा बंद असल्याचा पिवळा दिवा पॅनेलवर जळत होता, पुढच्या पाळीला तो दिसायला हवा होता. पण सणाचा दिवस, जो तो चुरमुरे आणि सुंडलचा प्रसाद वाटण्यात. ज्यांनी पाहिला त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावर पूजा चालू असेल.

चौकशी झाली. यंत्रणा परत चालू करायला मी विसरले, असं कयलने समितीपुढे स्वतःच सांगितलं. तिला कामावरून काढलं आहे. मी समितीत बसले होते, पण अक्का, माझ्या हातात काही उरलं नव्हतं. ती गुरुवारच्या बसने निघेल. तिला फार विचारू नकोस, आपोआप सावरेल. तिच्यासाठी दुसरीकडे मी बघतेच आहे.

फोटो पाठवत नाही. नीट आला नाही.

कृपा असू द्यावी.

कोदै



तेनकाशी, २१ ऑक्टोबर

चि. कोदैस आशीर्वाद.

कयल आली. दिवसा झोपते आणि रात्रभर जागी असते, अजून पाळीच चालू असल्यासारखी. दिवाळी तोंडावर आली तरी तिने नव्या कपड्याचं नाव काढलं नाही. तू विचारू नकोस म्हणालीस म्हणून मी विचारलं नाही. काल तिनेच पाटी ओढली आणि लिहायला लागली. पाटी भरली की पुसायची, पुन्हा लिहायची. मी बहिरी नसते तर ती बोललीच नसती असं वाटतं; लिहिताना तिला माझ्याकडे बघावं लागत नव्हतं.

तिने लिहिलं ते तिच्याच शब्दांत: कापूर पेटला तेव्हा मी खुर्चीतच होते. कोदै चित्ती स्वतः आली, म्हणाली अक्काला आपल्या दोघींचा फोटो हवाय, दोन मिनिटं चल, काही होत नाही. फोटोनंतर चित्तीने आरतीचं ताट माझ्या हातात दिलं आणि सगळ्या मजल्यांवर फिरवून आण म्हणाली, इथे पहिल्यांदाच बाईच्या हातून ताट फिरतंय म्हणाली. मी खाली आले तेव्हा पाळी संपली होती आणि खुर्चीत दुसरा बसला होता.

फोटो मी मागितला होता, कोदै. हे वाचल्यापासून घास तोंडातच फिरतो. कुठल्या तोंडाने तुला बोलू? पण बोलणार. मला तुमच्या पॅनेलचं काय कळतं? मी मागितलं, कारण मी अडाणी. तुला तो नियम पाठ होता. नियम तूच मला कौतुकाने लिहून कळवला होतास. बरं, उठवलंस तर उठवलंस, माणसाच्या हातून होतं. पण ती पोर त्या लोकांपुढे एकटी उभी होती आणि तू टेबलाच्या त्या बाजूला बसली होतीस. मीच तिला बोलावलं, एवढं वाक्य तुझ्या तोंडून का निघालं नाही?

जा आणि सांग. मला दुसरं काही नको.

वडिवु



चेन्नै, ५ नोव्हेंबर

ति. अक्कास,
नमस्कार लिहितानाही हात अडतो आहे.

कयलने लिहिलं ते सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही.

मी का बोलले नाही ते सांगते. तुला पटावं म्हणून नाही, तुला माहीत असावं म्हणून. ते लोक टपून बसले होते, अक्का. चौकशीच्या आधी चहा पिताना समितीतले एक जण हसत म्हणाले होते, बायकांना फोटोची हौस फार. मी तोंड उघडलं असतं तर दोघी गेलो असतो. आणि आम्ही दोघीच गेलो असतो तर एक वेळ चाललं असतं. रात्रपाळीतल्या सगळ्या मुली दुसऱ्या दिवशी घरी बसल्या असत्या. त्यांत एक सेल्वी आहे. नवरा दारू पिऊन येतो त्या वेळी घरात असायला नको म्हणून तिने रात्रपाळी मागून घेतली. तिला मी काय सांगितलं असतं? हे सगळं मी त्या टेबलाशी बसून मनात मांडत होते, आणि मांडून होईपर्यंत ते पुढच्या विषयाला लागले होते.

माझी ऑर्डर काल आली. तीनही सेंटर. लाडू वाटले. मी एक हातात घेतला आणि लोकांची पाठ वळल्यावर पर्समध्ये टाकला, अजून तिथेच आहे. पोन्नुसामी येऊन पाया पडायला वाकले. मी मागे सरले. या दिवसाची मी वीस वर्षं वाट पाहिली होती, आणि आज केबिनमध्ये बसलं की वाटतं दार उघडून कुणीतरी मला ऊठ म्हणेल.

तू आणि कयल म्हणत असाल तर मी अजूनही जाऊन सांगते. तुमचा शब्द आला की जाईन. मग व्हायचं ते होवो.

जमलं तर पदरात घ्यावं.

कोदै



तेनकाशी, १८ नोव्हेंबर

ति. कोदै चित्तीस,
कयलचा नमस्कार वि. वि.

तुझं पत्र अम्माने वाचून शिवणयंत्रावर ठेवलं आणि देवळात निघून गेली. उत्तर तू लिही, असा त्याचा अर्थ. म्हणून लिहिते आहे.

मी बरी आहे. साड्यांना फॉल लावते, फळं फळं म्हणत अम्मा मागे लागते तेव्हा केळं खाते. मदुरैला आणि कोइमतूरला मुलाखतीला गेले होते. दोन्हीकडे छान बोलले, मग आधीच्या कंपनीत फोन करतो म्हणाले, आणि नंतर काही कळवलं नाही. आमच्या घरामागे मंगल कार्यालय झालंय. त्यांचा जनरेटर सुरू झाला की माझा हात थांबतो. त्याचा आवाज मधूनच अडखळतो. परवा न राहवून सांगायला गेले, फिल्टर तुंबलाय, लक्ष द्या. तिथला मॅनेजर म्हणाला, ताई, तुमच्या लग्नाची तारीख बुक करायला आलात का? मी हसले आणि घरी येऊन रडले. मग अम्माही रडली. तिला कारण माहीत नव्हतं, मला बघून रडली.

तू आमचा शब्द मागितलास. तर शब्द देते. सांगू नकोस. आता सांगून मला काही मिळायचं नाही. माझ्या जागी मुलगा बसवलाय, सेल्वीने कळवलं. तू सांगितलंस तर सेल्वीही जाईल. तेव्हा तू तिथेच बस, आणि नुसती बसू नकोस, रात्रपाळीला आणखी मुली घे. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. अम्मा अजून तुझ्यावर चिडलेली आहे, तिचा राग जाईल. फोटो मागितल्याबद्दल ती स्वतःला बोल लावते तेवढं मात्र तू पत्र लिहून थांबव. ते माझ्याने होत नाही.

चूक माझीही होती. तू उठवलंस हे खरं, पण परत जाऊन बसायचं भान मलाच हवं होतं. ताट घेऊन फिरताना मला इतकं छान वाटत होतं, चित्ती! मोठमोठे इंजिनिअर ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावत होते आणि ताट माझ्या हातात होतं. त्या आनंदात मी पॅनेल विसरले. म्हणून नोकरी गेली याचा मला तुझ्यावर राग नाही.

दुसरं एक आहे, ते कुणाला सांगितलेलं नाही. अम्माच्या पाटीवरही लिहिलं नाही.

खुर्ची का सोडली, असं समितीने विचारलं तेव्हा मी पटकन उत्तर दिलं नाही. मी घाबरले असं सगळ्यांना वाटलं. मी तुझ्याकडे बघत होते. तू पाण्याच्या ग्लासवरचं झाकण नीट करत होतीस. चित्ती, मी आधीच ठरवून आले होते. तू म्हणशील, मीच तिला उठवलं. आणि मी लगेच म्हणेन, नाही, मॅडमनी बोलावलं नव्हतं, मी आपणहून गेले. तुझी जागा जाऊ द्यायची नाही हे मी ठरवलं होतं. सेल्वी मला तुझ्याआधी आठवली होती. फक्त आधी तू बोलशील, हे मी गृहीत धरलं होतं. म्हणून थांबले. साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला, तरी थांबले. तू झाकण नीट केलंस आणि मग कागद बघायला लागलीस. तेव्हा मी म्हटलं, विसरले.

पत्र कसं संपवायचं ते लहानपणी तूच मला शिकवलंस. लोभ असावा, असं लिहायचं आणि खाली नाव घालायचं. आज नुसतं नाव लिहिते.

कयल