तणसावरचा तंबू

बाई, यंदाचा हंगाम संपला. सगळे तंबू ओल्या फडक्याने पुसून काढले, आंब्याखाली दोरीवर वाळवले आणि आज दुपारी घड्या करून माळ्यावर ठेवले. हे नवे तंबू हलके, काखेत मावतात. कडक उन्हात त्यांचं कापड विरतं, म्हणून सावलीतच वाळवावे लागतात. शाळेचे ते जाड कॅनव्हासचे तंबू तुम्हाला आठवतच असतील. शिबिराहून परतलो की मुख्याध्यापक म्हणायचे, आता स्टोअरमध्ये टाका आणि कुलूप लावा. तुम्ही त्यांना हो हो म्हणायच्या आणि तंबू मैदानभर पसरून निवांत बसायच्या. दमट कापडाची घडी केली की बुरशी धरते, पण तुम्ही कारण सांगण्यात वेळ घालवत नव्हता. शिवणीवरून बोट फिरवत जायच्या आणि आम्ही मुली तुमच्या मागून तसंच करायचो. आज मी शिवण तपासत होते तेव्हा बोट थांबलं, आणि वाटलं, तुमच्याशी थोडं बोलावं.

मी काय करते ते तुम्हाला ठाऊक नाही. लाखनीच्या पुढे, हायवे सोडून आत, आमचं धानाचं शेत आहे आणि शेताला लागून गावचा तलाव. धान घरात आलं की मी आणि माझे यजमान तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे मातीच्या बांधाजवळ, उंचवट्यावर तंबू लावतो. हिवाळ्यात पाखरं उतरतात, ती पाहायला नागपूरची माणसं येतात, एक-दोन रात्री राहतात, आमच्या चुलीवरचं जेवतात. होळीच्या आधी आवरतं घेतो. एवढंच. पण हे काम मला आवडतं, बाई, आणि ते कुणामुळे आवडतं हे सांगायला इतकी वर्षं लागली.

तुम्ही आमच्या घरी पहिल्यांदा आलात तो दिवस मला अजून दिसतो. आई चुलीजवळ लाखोळीच्या डाळीला फोडणी देत आहे. तुमची सायकल अंगणात, चाकांना चिखल. तुम्ही पाटही न मागता सरळ जमिनीवर बसता. तुम्ही शाळेच्या गाइडच्या बाई, आणि वर्गातल्या मुलींना शिबिराला न्यायला निघालेल्या. कुठल्याच घरून होकार नाही. आई तुमच्याकडे न पाहता विचारते, पोरी कापडात झोपतीन, अन् इच्चू-साप आला तं? तुम्ही म्हणता, "मी दाराच्या तोंडाशीच झोपतो ना. आला तं पयले माह्यावरून जाईन." आई हसते. ती हसली म्हणजे होकार मिळाला हे मला कळतं, तुम्हालाही कळतं. मग तुम्ही डाळ-भात खाता, वरून कच्चा कांदा मागता, आणि जाताना आईला म्हणता की पोरीला जाड स्वेटर द्या, नवीन नको, उबदार द्या.

त्या शिबिरात तंबू उभा करायच्या आधी तुम्ही आम्हाला अर्धा दिवस नुसतं हिंडवलंत. वर पाहा, वाळली फांदी आहे का. खाली पाहा, मुंग्यांचं वारूळ आहे का. पाणी पडलं तर कुठून वाहील ते पाहा. एका मुलीने बांधाखालची सपाट, मऊ जागा दाखवली आणि तुम्ही तिला तांब्याभर पाणी ओतायला लावलंत, पाणी हलेनाच. ती आपली आपणच म्हणाली, नको बाई, दुसरी पाहू. मग वाऱ्याकडे पाठ करून तंबू, खुंट्या तिरप्या, आणि दोर ताणून बांधल्यावर संध्याकाळी थोडे सैल. सुती दोर दवाने आखडतो आणि खुंटी उपटून काढतो, हे तेव्हा जादूसारखं वाटलं होतं. आता माझे दोर नायलॉनचे आहेत आणि ओलं कापड ढिलं पडतं, म्हणून मी संध्याकाळी उलट ताण देत फिरते. तुम्ही असता तर या उलट्या गोष्टीवर आपण खूप हसलो असतो.

दुसऱ्या संध्याकाळी थंडी वाढली, तेव्हा गावातली एक काकू आमच्यासाठी घमेल्यात निखारे घेऊन आली आणि मायेने तंबूच्या मधोमध ठेवून गेली. आम्ही भोवती हात शेकत बसलो. तुम्ही आत डोकावलात, पदर हाताला गुंडाळलात आणि ते घमेलं उचलून बाहेर नेलंत. बोटाला चटका बसला होता. परत येऊन तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "इस्तो बाहेर राहीन, तुमी आत राहान. हे समजलं नाही तं उद्या सामान बांधा." तुम्हाला त्याआधी आणि त्यानंतर इतकं रागावलेलं मी पाहिलं नाही. मग तुम्ही त्या काकूकडे गेलात, तिचे आभार मानलेत आणि तिच्याकडून तणसाचे, म्हणजे वाळल्या पेंढ्याचे, भारे मागून आणलेत. तंबूच्या तळाखाली धानाचं तणस जाड अंथरलं आणि आम्ही त्यावर गादीसारख्या उड्या मारल्या.

माझ्या लग्नात सगळ्यांनी स्टीलची भांडी दिली आणि तुम्ही खुंट्या ठोकायची लाकडी हातोडी दिलीत, लाल कागदात गुंडाळून. सासरी बरेच दिवस त्यावर हशा होता. सासूबाईंनी ती सुपारी फोडायला घेतली आणि त्यांना ती इतकी आवडली की परत मागायची माझी हिंमत झाली नाही. पुढे तुम्ही निवृत्त होऊन तुमसरला भावाकडे गेलात. मी तेव्हा नागपूरला, मुलगा लहान. तिथेच तुम्ही वारल्याचं मला काही महिन्यांनी कळलं.

आता या पौषातली गोष्ट. नागपूरचं एक कुटुंब आलं होतं. नवरा-बायको, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि नवऱ्याची म्हातारी आई. सगळ्यांना सांगते तसं त्यांनाही आल्या आल्या सांगितलं, तंबूत विस्तव नाही, कंदील नाही, उदबत्तीसुद्धा नाही. आजींचा मुलगा मान हलवत होता, पण त्याचं लक्ष तलावावर होतं. दिवस मावळायला लागला. मी भरताची वांगी भाजायला कोळशाची शेगडी शोधते तर जागेवर नाही. यजमानांना विचारलं. ते म्हणाले, "पाहुणे घेऊन गेले, म्हणे बाहेर शेकायले." मी अंगणात पाहिलं, पाळीवर पाहिलं. बाहेर कुणी शेकत नव्हतं. नवरा-बायको दूर पाण्याजवळ फोटो काढत होते आणि त्यांच्या तंबूची चेन खालपर्यंत बंद होती.

वांगी हातातच होती, ती टाकून धावले. हाक मारली, "आजी!" उत्तर नाही. दुसऱ्या हाकेला पोरीचा आवाज आला, जड, लांबून आल्यासारखा: "डोकं दुखून राहिलं." मी दोन्ही दारं उघडली, आधी पोरीला ओढलं, मग यजमानांनी आणि मी आजीला काखेत धरून मोकळ्यावर आणलं. शेगडी नंतर काढली. पोरीला उलटी झाली. आजी डोळे उघडे ठेवायचा प्रयत्न करत होत्या आणि ते मिटत होते. पोरीचा बाप धावत आला आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, थोडी फट ठेवली होती, मच्छर येत होते म्हणून बंद केली. गाडीच्या काचा उघड्या ठेवून लाखनीचा दवाखाना गाठला. दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, कोळशाचा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, माणसाला फक्त झोप येते. जरा जास्त वेळ झाला असता तर उठवूनही उठल्या नसत्या. आजी थोड्या सावरल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "झोप मोठी गोड येऊन राहिली होती वं." मी तो हात सकाळपर्यंत सोडला नाही.

सकाळी सोडलं. मला वाटलं, सामान उचलून थेट नागपूरला जातील. पण आजी आमच्या अंगणात खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, त्यांना पाखरं पाहायची आहेत, अजून पाहिली नाहीत. मुलगा घरातल्या खोलीत झोपा म्हणत होता, मीही म्हणत होते. त्या ऐकेनात. मग मी तणस काढलं. त्यांचा मुलगाही माझ्यासोबत भारे वाहायला लागला. तणसाची कुसळं त्याच्या महागड्या जॅकेटला चिकटली होती. आम्ही जाड थर अंथरला, वर तंबूचा तळ, वर दोन घोंगड्या. रबरी पिशवीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळलं. वरची जाळी उघडी ठेवली, आणि ती का उघडी, हे आजींना आणि पोरीला बसून सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आजी कानाला मफलर बांधून पाळीवर उभ्या होत्या आणि नात त्यांना बोट दाखवून सांगत होती, ते पांढरं नाही आजी, त्याच्या बाजूचं.

निघताना आजींच्या मुलाने विचारलं, हे सगळं तुम्ही कुठे शिकलात. मी एरवी हसून विषय बदलते. त्या दिवशी त्याला चहा दिला आणि तुमच्याबद्दल सांगत बसले; सायकल, कच्चा कांदा, पाण्याचा तांब्या, भाजलेलं बोट. त्याने सगळं ऐकलं. माझ्या तोंडून तुमचं नाव इतक्या वर्षांनी निघालं आणि मला खूप बरं वाटलं. ते बरं वाटणं अजून टिकून आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, ते मला माहीत आहे. तुमचे भाऊही आता नाहीत. पण कागद समोर आहे तर एक सांगून टाकते. शिबिरात रोज सकाळी तुम्ही विचारायच्या, झोप लागली का पोरींनो, आणि आम्ही सगळ्या हो म्हणायचो. मला एकदाही लागली नाही, बाई. मला तंबूत झोपच येत नाही. पाहुणे तंबूत घोरतात आणि मी घरात माझ्या खाटेवर झोपते.