मंगलीबाईचं चौथं झाड

मंगळवार, मार्चअखेर. भामरागड.

खोडलंच शेवटी. मंगलीबाईच्या वनहक्काच्या दाव्यात मी मोहाची चार झाडं लिहिली होती, तिने चौथं खोडायला लावलं. ते शेताच्या कोपऱ्यात आहे, आणि तो कोपरा तिच्या वहिवाटीचा असल्याला पुरावा तेवढं एकच जुनं झाड.

"गुरुजी, एवढे शिकले आन् मोजता येत नाई? माहे तीनच. चौथं शेजारच्या सोमजीचं. आज्यापासून त्याच्याच घरचे फुलं वेचून राह्यले."

"बाई, कागदावर राहू द्या. वेचू द्या त्याला."

"मी हाय तोवर देईन. माह्या मागं नातवं कागदच वाचतील."

मी चौथं खोडलं.

हक्क हा शब्द मूळ अरबी, म्हणून घरी येऊन अरबी शब्दकोश काढला. हक्क म्हणजे आधी जे खरं, नक्की आहे ते. मग आपल्याला मिळायला हवं ते. आणि आपण दुसऱ्याला द्यायला हवं तेही: पाहुण्याचा, शेजाऱ्याचा, अगदी स्वतःच्या शरीराचाही आपल्यावर हक्क असतो. वर्गात मी इतकी वर्षं फक्त मिळण्याचाच अर्थ शिकवला. पण ते चौथं झाड... बाईचा कोपरा गेला तर? आणि मी तिच्या नावाने खोटं लिहीत होतो का? हो.

बुधवार. सकाळी नवा अर्ज नेला. तीन झाडं लिहिली, चौथं सोमजीच्या घरचं, असंही लिहिलं. सोमजी टोपली खाली ठेवून आला. कोपऱ्यासकट सगळं शेत बाईचंच, अशी साक्ष देऊन त्याने अंगठा उमटवला.