सानोबारच्या लग्नात गाणं थांबता कामा नये

२० सप्टेंबर

आज चहाखान्यात बोलून टाकलं. बरं झालं. सानोबारच्या लग्नाला गवयी नाही, बाजावाले नाहीत. ते दोन गाणी म्हणतात आणि तासभर पुलाव चापतात. मी माझ्या फोनवर सकाळपासून थेट मुलीची पाठवणी होईपर्यंत अखंड संगीत वाजवणार. एक क्षणही खंड नाही. मोहल्ल्यातल्या सगळ्या लग्नांचे आणि मयतांचे मुखत्यार म्हणजे अक्सकाल सालोहिद्दिन. ते म्हणाले, तुर्सुनबॉय, तू लोकांचे विजेचे मीटर वाचतोस, तेवढंच नीट वाच बाबा. मी दुर्लक्ष केलं. उभी हयात विजेत गेली माझी. टेक्निकल माणूस आहे मी.

घरी मुनाव्वर तंदुरात नान लावत होती. तिला सांगितलं. म्हणाली, अहो, एकुलत्या एका लेकीचं लग्न आहे, प्रयोगशाळा नाही तुमची. मग बराच वेळ ती फक्त तंदुराशी बोलत होती.

२२ सप्टेंबर

समोरच्या एर्गाश बोबोंची परवानगी घ्यायला गेलो. उन्हाळ्यापासून अंथरुणाला खिळलेत. आज आहेत, उद्या सांगता येत नाही. अशा घरासमोर न विचारता गाणी लावणं शोभत नाही. म्हातारा म्हणाला, वाजव की! पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंय मी. पण लेका, एकदा सुरू केलंस की थांबवू नकोस. थांबलं की सगळ्यांना वाटेल मी गेलो. मग माझीच रडारड मला ऐकावी लागेल.

म्हाताऱ्याचं बरोबर आहे. आमच्या मोहल्ल्यात लग्नाची गाणी मध्येच थांबतात ती एकाच कारणाने. गल्लीत कुणी गेलं की ओळ अर्धी तोडून वाद्यं खाली ठेवतात. पुरुष कमरेला फडकं बांधून त्या दारी जातात. लग्न पुढे ढकललं जातं. आणि सध्या नंबर कुणाचा आहे हे लहान पोरालाही ठाऊक आहे.

बोबोंना म्हटलं, निर्धास्त राहा, माझ्या फोनला तुमच्यापेक्षा जास्त दम आहे. त्यांच्या सुनेने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा अर्धाच टाकून निघालो.

२३ सप्टेंबर

पहिली चाचणी. मेहुण्याचा मोठा स्पीकर आणला, अंगणातल्या बसायच्या लाकडी तख्तावर ठेवला, फोनला वायर जोडली. आवाज काय, गल्ली हादरली. मग फोनचा पडदा विझला आणि गाणंही विझलं.

लगेच भिंतीवरून शेजारीण डोकावली. डोळ्यांना रुमाल. गेले का हो, म्हणाली. म्हटलं, गेलं नाही कुणी, पडदा विझला. तिला काय वाटलं कोण जाणे, ती आणखीच मुसमुसायला लागली.

उपाय सापडला. पडदा विझायच्या आत बोट लावत राहायचं. सोपं आहे.

२४ सप्टेंबर

बोट लावत राहणं सोपं नाही. शिवाय पुलावाचं तेलकट बोट फोन ओळखत नाही. आज जेवताना दोनदा थांबलं. दोन्ही वेळा समोरच्या घरातून बोबोंचा आवाज आला, अगं सूनबाई, बघ गं, मी आहे ना अजून?

सानोबारने फोनमध्ये दुसरं ॲप घालून दिलं. त्यात पडदा विझला तरी गाणी चालू राहतात. ही कल्पना माझ्या डोक्यात आधीपासून होतीच. ती म्हणाली, बाबा, गाणी फोनमध्ये उतरवून घ्या हं, इंटरनेटवर विसंबू नका. म्हटलं, तू तुझे कपडे शिव. प्रत्येक गाण्याशेजारी एक हृदय असतं. दाबलं की लाल होतं. दुपारभर बसून सगळी हृदयं लाल केली. आता सगळी गाणी फोनमध्ये.

२६ सप्टेंबर

आज तासभर अखंड! मुनाव्वरला हाक मारून दाखवायला बोलावलं. ती हात पुसत आली आणि बंद पडलं.

कारण शोधलं. बॅटरी बचतीचं बटण चालू होतं. ते मीच चालू केलं होतं. विजेची बचत हे माझं ब्रीद आहे, त्यात काही चूक नाही. फोनवाल्यांनी बचत आणि गाणी यांचा संबंध लावायलाच नको होता.

एवढ्यात बोबोंचा थोरला मुलगा बाजारातलं दुकान टाकून धावत आला. डोक्यावर टोपी, कमरेला फडकं. गल्लीच्या तोंडापासूनच हाय बाबा, हाय बाबा करत होता. आतून बोबो ओरडले, ओरडतोस काय गाढवा, दुकान कुणाच्या भरवशावर सोडलंस? त्याला मी चहा दिला. प्यायला नाही.

२९ सप्टेंबर

नवा शत्रू सापडला. कुणाचाही फोन आला की गाणं बंद. आणि मला फोन सगळ्यांचे. खाटीक, गाजरवाला, मंडपवाला, लांबचे नातेवाईक. सगळ्यांत जास्त व्याही हाकिमजान यांचे. वार्झिक गावचा जपून पावलं टाकणारा माणूस. रोज विचारतात, तब्येत कशी आहे? माझी नाही, बोबोंची.

आज त्यांनी स्पष्टच सांगितलं. म्हणाले, भाऊ, शेजारी मयत असताना मुलगी न्यायची रीत आमच्याकडे नाही. तसं काही झालं तर मयताचा चाळिसावा दिवस होईपर्यंत थांबावं लागेल. आणि पोराला तर पंधरवड्यात कोरियाला कामावर जायचंय, तिकीट निघालंय. मग तो परत येईल तेव्हाच बघू.

सानोबार दारात उभी होती. हातात शिवण. सगळं ऐकलं तिने. म्हणाली, बाबा, अजून वेळ आहे, गवयाला बोलवा ना. मी हात जोडते. मी म्हटलं, तुझा बापावर विश्वास नाही? ती शिवण घेऊन आत गेली. रात्री जेवली नाही. मीही ताट अर्धंच टाकलं. पुलावात गाजर जास्त झालं असावं.

३ ऑक्टोबर

सापडलं! फोनमध्ये विमानाचं चित्र असलेलं एक बटण आहे. ते दाबलं की जगातला कुणीही मला फोन करू शकत नाही. उद्या खरी वेळ आली की दाबायचं. कुणालाही सांगितलेलं नाही. चाचणी घेतलेली नाही. ज्यांना स्वतःची खात्री नसते ते चाचण्या घेतात.

४ ऑक्टोबर, सकाळ

घाईत लिहितोय. पुरुषांचा पुलाव झाला. गाणी चालू. दोनदा फोन आले. दोन्ही वेळा अख्ख्या अंगणाचे हात ताटावर थबकले आणि माना समोरच्या दाराकडे वळल्या. मी ओरडलो, फोन आहे, फोन! बोबो आहेत! समोरून सुनेने दारात येऊन मान हलवली. मग लोक पुन्हा जेवायला लागले. अक्सकाल म्हणाले, तुर्सुनबॉय, आणखी एकदा असं झालं तर बोबोंच्या आधी मला उचलावं लागेल.

सानोबारला सजवलंय. नवरीच्या पांढऱ्या पोशाखात माझी आईच बसलीय असं वाटलं. डोळे भरून आले. धुरामुळे.

४ ऑक्टोबर, दुपार

वार्झिकहून वऱ्हाड निघालं. विमान दाबलं. गाणं चालूच! एक क्षणही खंड नाही! सगळ्यांना वाकुल्या दाखवाव्याशा वाटतायत. आता फाटकाशी छाती काढून उभा राहतो.

४ ऑक्टोबर, संध्याकाळ

जसं झालं तसं लिहितो.

फाटकाशी उभा होतो. गाणं संपलं. वाटलं, दोन गाण्यांमधली फट आहे. फट लांबली. आत वळून पाहिलं तर सगळं अंगण उभं राहिलेलं. बोबोंचे दोन्ही मुलगे आमच्याकडे ताटं उचलत होते. त्यांनी ताटं खाली ठेवली, कमरेला फडकी बांधली आणि हंबरडा फोडला. मी ओरडलो, फोन आहे, फोन! कुणी ऐकेना. सकाळपासून तेच ओरडत होतो. अक्सकालांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, धीर धर. मग अख्खं लग्न समोरच्या दाराकडे निघालं. बायकाही मागोमाग.

बोबो उशीला टेकून चहात नान बुडवून खात होते. मुलगे पायांवर कोसळले तसे बोबोच घाबरून म्हणाले, कोण गेलं रे?

सून हसायला लागली आणि मग रडायला लागली. आणि नेमक्या त्याच वेळी व्याह्यांच्या गाड्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या. त्यांना दिसली ती फडकी बांधलेली माणसं आणि ऐकू आली ती रडारड. त्यांनी म्हणे गाडीतूनच मला फोन लावला. पुन्हा पुन्हा लावला. मी विमानात. सभ्य माणसं. हॉर्नसुद्धा न वाजवता गाड्या वळवून परत गेली.

विमान बंद करून मी व्याह्यांना फोन केला. म्हटलं, अहो, कुणी गेलेलं नाही! ते गहिवरून म्हणाले, तुर्सुनबॉय, तुम्ही मोठ्या मनाचे. लेकीसाठी मयत लपवताय. पण आम्हाला पाप नका लावू. पोरगा कोरियाहून आला की बघू. मी म्हटलं, बोबोंशीच बोला. तर म्हणाले, फोनवर आवाज कुणाचाही काढता येतो.

घरात आलो. सानोबार सजून रुखवताच्या पेटीवर बसली होती. रडत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. तिच्यासमोर खाली जमिनीवर बसलो. मुनाव्वर म्हणाली, आता काय करायचं ते करा, पण तो फोन आधी माझ्या नजरेसमोरून न्या.

तेवढ्यात समोरून बोबोंची गर्जना. अरे त्या मीटरवाल्याला बोलवा! गेलो. म्हणाले, गाढवा, बघतोस काय, मला गाडीत घाल. सून आडवी आली, या अवस्थेत नको म्हणाली. बोबो म्हणाले, सगळा गाव मला मेलेला समजतोय, आणखी वाईट काय व्हायचंय? मुलांनी त्यांना गोधडीत गुंडाळून मेहुण्याच्या गाडीत पुढे बसवलं. रस्ताभर मी मागे बसून त्यांचा श्वास ऐकत होतो. खड्डा आला की थांबायचा. माझाही थांबायचा.

वार्झिकला पोचलो तर व्याह्यांच्या अंगणात सगळे हात वर करून बसले होते. बोबोंसाठीच दुवा चालली होती. बोबोंनी काच खाली करवली आणि ओरडले, माझं नंतर बघा, आधी नवऱ्या मुलाला गाडीत घाला! व्याह्यांच्या हातून पियाला पडला. त्यांनी जवळ येऊन बोबोंचा गाल चाचपून पाहिला. तेव्हा कुठे खात्री पटली.

वऱ्हाड आलं. सगळ्यांत पुढच्या गाडीत बोबो. फोनला कुणी हात लावू दिला नाही. मुनाव्वरच्या बहिणीने डफ काढला आणि पाठवणीची गाणी बायकांनीच म्हटली. एकीचा दम संपला की दुसरी उचलायची. कुठे खंड पडला नाही. मी लक्ष देऊन ऐकत होतो.

गाडीत बसल्यावर सानोबारने काच खाली केली. म्हणाली, बाबा, ते विमान बंद ठेवा हं. मी फोन करीन.

६ ऑक्टोबर

शांतपणे विचार केला. दोष माझा नाही. लाल हृदय म्हणजे गाणं फक्त आवडलं, फोनमध्ये उतरलं नाही, हे कुठेही लिहिलेलं नाही. विमान दाबताच इंटरनेट गेलं, आणि आधी भरून ठेवलेलं तेवढं एक गाणं वाजलं. ते मात्र उत्तम वाजलं, हे कुणी बोलत नाही.

८ ऑक्टोबर

चहाखान्यात गेलो. मला आता वैमानिक म्हणतात. अक्सकालांनी जाहीर केलं की यापुढे मोहल्ल्यात कुणी गेलं तर माणूस घरोघरी जाऊन सांगेल. गाणी थांबण्यावरून कुणी काही समजायचं नाही. इतक्या वर्षांची रीत माझ्यामुळे सुधारली. आभार कुणी मानले नाहीत.

बोबोंची तब्येत सुधारतेय. वार्झिकची हवा मानवली म्हणतात. पुन्हा कधी नेतोस, विचारत होते.

११ ऑक्टोबर

गाणी उतरवायचा बाण सापडला. हृदयाच्या अगदी शेजारीच होता. सगळी उतरवली. बचत बंद केली. सकाळी अंगणातल्या तख्तावर फोन ठेवून सुरू केलं. शेजारीण भिंतीवरून डोकावली, रुमाल न काढताच गेली. मुनाव्वरने चहा आणला. तीन पियाले आणले होते. एक परत नेला.

विमान बंद आहे. पाहिलं. आवाज मोठा आहे. पाहिलं. रेंज पूर्ण आहे. मुनाव्वर म्हणाली, नवी नवरी आहे हो, सासरी पाहुणे असतील, वेळ मिळाला की फोन करील. मी म्हटलं, मी कुठे काय म्हणालो? मी यंत्र तपासतोय.

आता ऊन भिंतीवर चढलंय. सकाळपासून गाणी चालू आहेत. एकदाही थांबली नाहीत.