सोडलं, भाऊ

६ ऑक्टोबर
लोणावळ्यात आले. कामाची खुर्ची चिक्कीच्या दुकानाच्या बरोब्बर वर, दिवसभर गुळाच्या पाकाचा वास. या नोकरीत पगार वाढो न वाढो, वजन नक्की वाढणार. सुहासदादा स्वतः स्टेशनवर आला, बॅगही उचलली. कॉलेजात सोल्डरिंग मला त्यानेच शिकवलं. आता स्वतःची प्रयोगशाळा काढली आणि आठवणीने मला बोलावलं. आईला फोनवर म्हणाला, काकू, राजेश्वरी माझी जबाबदारी. आई तर त्याच्यावर खूशच आहे, आणि मीही.

८ ऑक्टोबर
प्रयोगशाळा इथे नाहीच, ती जवळच्या औंढे गावात, भातखाचरांच्या कडेला एका शेडमध्ये. तिथे केबलच्या तुकड्यांना हजारो व्होल्ट देऊन त्यांचं वेष्टण टिकतं का ते बघायचं. तुकडे बरेच, वीज देणारं यंत्र एक. कोणता तुकडा कधी जोडायचा ते मधली पेटी करते, आणि पेटीला हुकूम मी सोडते, इथे खुर्चीत बसून. ‘जोड १२’ लिहिलं की बारावी तार विजेला लागते, ‘सोड १२’ लिहिलं की सुटते. हे मराठी हुकूम ही सुहासदादाच्या प्रोग्रॅमची करामत. पेटीची स्वतःची भाषा रुक्ष इंग्रजी.
शेडमध्ये नथूभाऊ तुकडे बदलतात. त्याआधी ते फोन करतात, ताई, सोडलं का? मी ‘सगळं सोड’ लिहिते, पडद्यावर ‘सोडलं’ उमटतं, मग मी म्हणते, सोडलं, भाऊ. त्याशिवाय ते तारेला हात लावत नाहीत. माझा पडदा त्यांना दिसत नाही, त्यांचा सगळा भरवसा माझ्या शब्दावर. सासूसुद्धा सुनेच्या शब्दाला एवढा मान देत नसेल.

१७ ऑक्टोबर
काल रात्री नथूभाऊंच्या घरी जेवायला गेले. चिमाबाई, त्यांची बायको, आग्रह करकरून भाकरी वाढत होती. मी काय काम करते ते ऐकलं आणि तिचा हात थांबला. माझ्या जागी आधी पायल नावाची मुलगी होती. तिने न बघता ‘सोडलं’ म्हटलं, आणि नथूभाऊंचा चुलतभाऊ बजरंग सतराव्या तारेला चिकटला. तिच्या एका शब्दानं आमचा माणूस गेला, चिमाबाई म्हणाली.
सुहासदादाने मला सांगितलं होतं की पायल लग्न करून गेली. आज विचारलं तर त्याचे डोळे भरून आले. तुला घाबरवायचं नव्हतं, म्हणाला. सतरावी तार तेव्हाच काढून टाकली, असंही म्हणाला. मला त्याची दया आली. पायलला मात्र मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या.

२७ ऑक्टोबर
दोन दिवस तापाने पडून होते, फोन बंद. आज नथूभाऊ म्हणाले, ताई, काल तुमी जेवलात का म्हनून इचारलंत, लय बरं वाटलं.
मी काल कुणाशीच बोलले नाही.
मी तसं सांगितलं. ते हसले. तुमीच की ताई, म्हणाले, तुमचा आवाज मी वळखत न्हाई व्हय?
दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

२९ ऑक्टोबर
आज सुहासदादाचा प्रोग्रॅम बाजूला ठेवला आणि पेटीशी तिच्याच भाषेत बोलले. विचारलं, काय काय जोडलेलं आहे?
उत्तर आलं: १७.
सोडायचा हुकूम दिला. पुन्हा विचारलं. १७. पुन्हा. १७. आतला स्विच चिकटून बसलाय.
मग प्रोग्रॅम उघडून वाचला. त्यात पेटीला विचारणारी ओळच नाही. हुकूम पाठवायचा आणि पडद्यावर आपणच ‘सोडलं’ छापायचं, एवढंच. म्हणजे आल्यापासून मी रोज त्या माणसाला जे शपथेवर सांगत आले, ते मला कधी माहीतच नव्हतं. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतलं, आणि तेही दादा म्हणवणाऱ्याने. इतका राग मला आजवर कुणाचा आला नव्हता.

३० ऑक्टोबर
सुहासदादाला जाब विचारला. तो चिडला नाही. नवीन मोबाइल दाखवावा तसं कौतुकाने दाखवलं. गिऱ्हाइकांना घाई असते, पेटी दर वेळी तपासत बसलं तर काम अडतं. तू नसलीस तरी फोन उचलला जावा म्हणून तुझे सगळे कॉल रेकॉर्ड करून त्यांवरून आवाज बनवला. ऐक, म्हणाला.
ऐकलं. माझाच आवाज. सोडलं, भाऊ. जेवलात का?
पायलचाही बनवला होतास का, विचारलं. त्याने पडद्यावरची ‘पायल’ नावाची फाइल घाईने बंद केली.
पायल बोललीच नव्हती. अख्खं गाव आजही तिला शिव्या देतं. मीही दिल्या.

३१ ऑक्टोबर
नथूभाऊंना फोन केला. माझा आवाज ऐकलात तरी विश्वास ठेवू नका. ते म्हणाले, मग आत्ता ह्यो आवाज कुनाचा? शेवटी म्हटलं, मी समोर दिसले तरच तारेला हात लावा. व्हय म्हणाले.
संध्याकाळी सुहासदादाने माफी मागितली. उद्या नथूला रजा देतो, तू औंढ्याला जाऊन चिकटलेला स्विच बघ, तो बदलल्याशिवाय काम सुरू करणार नाही, म्हणाला. मूर्खासारखी रडले. वाटलं, माणूस अगदीच वाईट नाही.

१ नोव्हेंबर, दुपार, औंढे
शेडमधल्या काचेच्या केबिनमध्ये पेटीसमोर आहे. मोबाइलने मोजमाप बिघडतं म्हणून तो बाहेर ठेवायचा नियम, तो पाळला. आत आले आणि दार लागलं. ते लोणावळ्याहून उघडतं. ठोठावलं, बटण दाबलं — नाही.
पेटीच्या पडद्यावर १७. वीज चढतेय, आणि वीज देणारं यंत्र काचेपलीकडे.

शेडचं दार उघडलं. नथूभाऊ. रजेवर नाहीत. रजा दिलीच नव्हती —

सुती हातमोजे चढवतायत. सतराव्या तारेकडे — ती काढलेली नाही, तिथेच आहे —

ओरडले. काच जाड आहे. त्यांनी वर पाहिलं, मला बघून हसले. फोन कानाला आहे.
माझे ओठ हलताना दिसतायत त्यांना. आणि कानात माझाच आवाज —
मीच सांगितलं होतं, समोर दिसले तर — दादाने तो कॉलही ऐकला, आता पायलसारखं खापर माझ्यावर —

तोंडावर हात घट्ट दाबून धरला. तरी ते मान डोलवतायत. व्हय ताई, व्हय. फोन खिशात टाकला.

हे पान काचेला लावते. मोठ्या अक्षरात —

भाऊ ती मी नाही

हात लावू नका

भाऊ इकडे बघा इक