बारा खंड आणि दोघींचा अबोला

प्रिय चिमणे,

अक्षर बघून दचकू नकोस. सांगतेय मी, तुझी आजी; लिहितेय तुझी आई. शेजारच्या मास्तरीणबाई लिहून देणार होत्या, पण म्हटलं, घरात शिकलेली लेक असताना बाहेरचा हात कशाला? तुम्ही दोघी बोलत नसाल, मी कुठे अबोला धरलाय? नको ते गाळायला बघते ही. पण मला वाचता येत नसलं तरी लेखणी थांबलेली कळते बरं.

तर आई घरी नसताना तू ज्ञानकोशाचे बाराही खंड रद्दीवाल्याला दिलेस, म्हणून ही रुसली. त्यातली माहिती शिळी झाली होती, हे तुझं खरंच. नेटवरच्या कोशात तू आणि तुझ्यासारखे रिकामटेकडे (हेही लिही गं) चूक दिसली की बसल्या जागी सुधारता. आमच्या वेळी तसं नव्हतं.

तुझे आजोबा दारोदार फिरून तो कोश विकायचे. पिशवीत नमुन्याचं एकच पुस्तक, त्यात साऱ्या खंडांतली निवडक पानं. देवमाशानंतर लगेच आगगाडीचं इंजिन, मग माणसाचं काळीज. आमच्याकडे आले तेव्हा माझ्या वडिलांनी कोश घेतला नाही, जावई मात्र करून घेतला. देवमाशाच्या शेपटाला इंजिनच जोडलेलं असतं, असं मी लग्नानंतरही कितीतरी दिवस समजत होते.

पुढे घरातही कोश आला. दरवर्षी कंपनीकडून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या. कुठल्या देशाचं नाव बदललं, कुठला राजा गेला. आजोबा पान शोधायचे आणि डिंक लावायचं काम तुझ्या आईचं. इतका लावायची, की दोन-तीन देश एकमेकांना चिकटले ते पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडलेच नाहीत! राजा गेला की ही मुसमुसायची, चिठ्ठी लपवून त्याला वर्षभर जिवंत ठेवायची. माहिती शिळी होती गं, पण ती चिकटवली होती हिच्या चिमुकल्या बोटांनी. हे तुला ठाऊक नव्हतं. हिने सांगितलं नाही, तू विचारलं नाहीस. वाण आणि गुण दोन्ही सारखेच.

आता इथली बातमी ऐक. रोज दुपारी ही मोबाईलवर तू लिहिलेले लेख उघडते. म्हणे मला ऐकवायला. मी घोरायला लागले तरी वाचन थांबत नाही. परवा तुझ्या मधमाश्यांच्या लेखात हिला एक चूक सापडली. दिवसभर गुणगुणत होती. पण ती तुला कळवणार कशी? बोलावं लागेल ना!

तूच एकदा सांगितलं होतंस, त्या नेटवरच्या कोशात एका ओळीवरून दोघांचं जुंपलं की लेखाला कुलूप लावतात, आणि मागे चर्चेचं वेगळं पान असतं तिथे दोघांनी मनसोक्त भांडून घ्यायचं. आपल्या घरात कुलूप तेवढं लागलं, पान कुणी उघडेना. म्हणून हे पत्र. खाली अर्धा कागद कोरा सोडायला लावलाय. मी आता अंगणात ऊन खायला जाते. तिथे तुझी आई काय लिहील ते मला कधीच कळायचं नाही. निरक्षर असण्याचा एवढा फायदा मला आजवर झाला नव्हता. बघ, ही पुन्हा थांबली. लिही गं बाई, मी निघाले.

तुझीच,
अंगठाबहाद्दर आजी