सुपारीला सोंड नसते

तलवाडा, वैशाख वद्य तृतीया

आमच्या कॉलेजच्या विभागप्रमुखांनी आज माझा प्रबंध परत केला. म्हणाले, "सर, केंद्रकाशी इलेक्ट्रॉनच्या खऱ्या वक्राला टोक असतं. त्याच्या जागी तुम्ही घेतलेले तीन गाऊसियन वक्र तिथं गोल. परीक्षक हसतील. मोठा संगणक मिळेपर्यंत थांबा."

पन्नाशीला आलो, अजून किती थांबू? गोल वक्रांचं गणित साध्या संगणकावरही होतं, म्हणून तर ते घेतले. संगणकही दूध सोसायटीचा. दुष्काळानं संकलन बंद पडलं, म्हणून मोकळा मिळाला.

संध्याकाळी सोसायटीत पावसासाठी पूजा होती. सचिव नामदेव माझा शाळासोबती. त्यानं पाटावर गणपती म्हणून सुपारी मांडली.

मी चिडलेलाच होतो. म्हणालो, "सोंड कुठाय बे हिला?"

"लई शिकलास! सोंड न्हाई म्हणून हात जोडायचा न्हाईस का?"

जोडले. पण नजर त्या गोल सुपारीवरच. तिला सोंड नाही हे पाटाभोवती बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी लपवलं नाही, आणि पूजाही अडली नाही.

मग मी तरी का लपवू? टोक नाही, तिथं किती चुकतं, हे पहिल्याच पानावर लिहीन. आणि उद्या प्रबंध पुन्हा विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवीन. तिन्ही गोल वक्र तसेच.

हसू देत.