परीक्षा विभागातला जबाब

१७ फेब्रुवारी

फाईल पुन्हा टेबलावर! परीक्षा विभागातले बाबू विलास पेपर फुटल्यामुळे निलंबित. अहवाल आधीच टाइप केलेला — 'कर्मचारी को सुना गया, उसने कुछ नहीं कहा.' सुनावणीची तारीख मात्र कोरी. खाली सहीची जागा माझी, म्हणजे कुलसचिवांची.

सही केली नाही.

कुलगुरू हसले. "कर्नल मैडम, यहाँ कोर्ट मार्शल नहीं होता. यहाँ समिति बैठती है."

वीस वर्षं सैन्यात वकिली केली. तिथेही सगळं स्वच्छ नव्हतं. पण आरोपीला समोर बसवल्याशिवाय कागद हलत नसे.

१९ फेब्रुवारी

सुनावणी मीच घेतली. विलास इस्त्रीचा शर्ट घालून आले. खुर्चीच्या कडेवर बसले. "जी मैडम, जी मैडम" एवढंच. या हिंदी मुलखात तेही मराठी, मीही; म्हणून मराठीत म्हटलं, "घाबरू नका, मोकळेपणानं सगळं सांगा."

चेहराच बदलला!

"मॅडम, तुम्ही आपल्यातल्या, म्हणून सांगतो. पेपरच्या कपाटाची चावी मीच दिली. परीक्षा नियंत्रक साहेबांचा फोन आला — दे दो, मेरा आदमी आ रहा है. छब्बीस साल झाले नोकरीला. साहेबांना नाही कसं म्हणणार?"

शब्दन् शब्द स्वतः लिहिला. वाचून दाखवला. त्यांनी सही केली, मी केली. अगदी फौजेतल्यासारखं.

नानाखेड्यातल्या घरापर्यंत गाडीत गाणं गुणगुणत आले.

२० फेब्रुवारी

जबाब कुलगुरूंकडे दिला. आता बघू!

२६ फेब्रुवारी

पोलिसांत तक्रार — एकट्या विलासांवर. पुरावा माझ्याच अक्षरातला: 'चावी मीच दिली.' नियंत्रक म्हणतात, फोन केलाच नाही. कुलगुरूंनी स्वतः चहा पाजला. "आपने तो हमारा काम आसान कर दिया."

तिथेच आठवलं.

सैन्यात आरोपी तोंड उघडण्याआधी त्याला ताकीद देतात — तुमच्यावर बोलायची सक्ती नाही. बोलाल ते लिहून घेतलं जाईल आणि तुमच्याविरुद्ध वापरता येईल. शेकडो वेळा दिली आहे. ती ऐकून किती जवान गप्प झाले, वाचले.

विलासांना दिली नाही. वर म्हटलं, मोकळेपणानं सांगा!

विसरले? की त्यांनी बोलावं असं मलाच हवं होतं? मला विलासांना वाचवायचं होतं, की कुलगुरूंना हरवायचं होतं?



३ मार्च

राजीनामा लिहिला. फाडला. राजीनाम्यानं स्वच्छ कोण होणार? मीच.

९ मे

विलासांच्या पत्नी मंगलाताई आल्या. देवास गेटहून भर उन्हात चालत. पाणीसुद्धा घेतलं नाही. "ताई, जमानत तर झाली. पण केस तुम्हीच लढा ना. हे म्हणतात, आजवर नीट ऐकलं ते एकट्या मॅडमनी."

आरोपपत्राची प्रत माझ्या खणात होती. सरकारी साक्षीदारांची यादी. पहिलं नाव माझं.